तारेचं पान

छाटणीचे दिवस आले की आमची राजुरी एकाएकी उघडी पडते. आदल्या आठवड्यापर्यंत द्राक्षबागेत शिरलं की डोक्यावर पानांचं दाट छप्पर असतं, आत हिरवट अंधार आणि ओला गारवा. मग कात्र्या घेऊन बायका आणि गडी येतात, कचकच आवाज सुरू होतो, आणि बघता बघता त्याच बागेत नुसत्या काड्या, लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा उरतात. ऊन थेट मातीपर्यंत पोचतं. रस्त्यानं जाताना एका बागेतून पलीकडची बाग, तिच्यातून त्याच्याही पलीकडचं घर, घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली बाई, सगळं आरपार दिसतं. कापलेल्या काड्यांचा कच्चा, तुरट वास गावभर फिरत राहतो. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा छाटलेली बाग बघून मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

यंदाही कात्र्या सुरू झाल्यात. सकाळी गिरणीत दळण ठेवायला गेले, तर वाटेतल्या बागेत पेस्ट लावायचं काम चाललं होतं. हातात रबरी मोजे घातलेल्या बायका काडीवरच्या एकेका डोळ्याला औषधाचं बोट लावत पुढे सरकत होत्या. डोळा म्हणजे काडीवरचा तो लहानसा फुगवटा, जिथून नवा फुटवा येतो. आमच्याकडे हे शब्द बोलण्यात इतके रुळलेले आहेत की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. यंदा डोळे चांगले फुगलेत, काडीला जास्त डोळे ठेवू नका, ह्या काडीचे डोळे मेलेत. फक्त एका वर्षी, छाटणीच्या अशाच दिवसांत, आमच्या घरात हे शब्द जपून बोलले जात होते.

त्या वर्षी माझ्या नणंदेची, वंदनाताईंची, नजर गेली.

एकदम गेली नाही. लहानपणापासूनच तिन्हीसांजा झाल्या की त्या उंबऱ्याला ठेचकाळायच्या. सासूबाई म्हणायच्या, पोरगी येंधळी हाय, खाली बघून चालत न्हाई. पुढे पुण्यात नोकरी करताना, दिवेलागणीला बसमधून उतरताना पायरी सापडेना झाली तेव्हा त्या डॉक्टरकडे गेल्या. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं विझत चालला होता. त्यावर औषध नव्हतं. नजर वर्षागणिक अरुंद होत जाईल, एवढंच डॉक्टर सांगू शकले.

पुण्यात त्या वेबसाइटची डिझाइनं करायच्या. नोकरी सोडून राजुरीला परत आल्या तेव्हा बोरूच्या नळीतून बघावं एवढंच त्यांना दिसत होतं. त्या नळीतून स्क्रीनवरचा एकेक शब्द धरून त्या काम करत. मी घोडेगावची, मंचरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली आणि लग्नानंतर ते सगळं गुंडाळून ठेवलेली. ताईंनी ते पुन्हा उलगडायला लावलं. आम्ही दोघी घरूनच कामं घेऊ लागलो. पान कसं असावं ते त्या ठरवायच्या, मी ते कोडमध्ये उतरवायचे. एका रोपवाटिकेची साइट केली, आळेफाट्याच्या एका लॉजची केली.

त्यांच्याकडून मी पहिली गोष्ट शिकले ती वायरफ्रेम. साइट बांधायच्या आधी तिचा नुसता सांगाडा काढायचा. रंग नाही, फोटो नाही, अक्षरांची नक्षी नाही. कागदावर चौकोन आणि रेघा. इथे नाव येईल, इथे फोटो, इथे थोडा मजकूर, इथे बटण. फोटोच्या जागी चौकोनात फुली मारायची, मजकुराच्या जागी आडव्या रेघा ओढायच्या. मला सुरुवातीला तो पोरखेळ वाटे.

‘ताई, सरळ रंगवूनच दाखवू ना गिऱ्हाइकाला,’ मी म्हणायचे.

‘रंग दाखवलास की माणूस रंगावर बोलतो,’ त्या सांगायच्या. ‘हा निळा नको, जरा हिरवा द्या. आणि त्या नादात कुणी विचारतच नाही, की आलेल्या माणसाला जे पाहिजे ते त्याला सापडतंय का. सांगाडा दाखवला की तो वाटेवर बोलतो. आणि रेघ खोडायला काय लागतं? भिंत झाल्यावर दार सरकवता येत नाही बाई.’

त्या बोलत तेव्हा त्यांचा हात कागदावर चालू असायचा. नजर एवढीशी असूनही रेघ सरळ यायची. मी बघत राहायचे.

त्या वर्षी श्रावणात तळेघरच्या बाजूचं काम आलं. माझी आई त्या भागात नर्स होती, वाड्या-वस्त्या पायी फिरलेली. तिच्या ओळखीतून तिथल्या बायकांच्या एका गटानं आम्हाला विचारलं. डोंगरातलं भात आणि नाचणी व्यापाऱ्याला न घालता थेट पुण्याच्या लोकांना विकायची असं त्यांनी मनावर घेतलं होतं. गटाच्या हौसाबाई फोनवर म्हणाल्या, ‘आमाला त्यातलं काय कळत न्हाई बाई. पर भात खळ्यावर यायच्या आदी व्हायला पायजे. येकदा का व्यापारी दारात गाडी लावून उभा राह्यला, की बायका थांबायच्या न्हाईत. आन ह्या साली जमलं न्हाई तर पुन्यांदा कुनी नाव घ्यायचं न्हाई.’ ताईंनी शब्द दिला.

आणि भाद्रपदात ती नळीही बुजली.

सकाळची वेळ होती. आम्ही ओसरीतल्या टेबलाशी बसलो होतो. ‘वैशाली, स्क्रीन लाव ना,’ ताई म्हणाल्या. स्क्रीन चालूच होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि माझ्या गप्प बसण्यावरून त्यांना कळलं. त्यांनी हात पुढे करून तळवा स्क्रीनला लावला. काच कोमट होती. ‘बरं,’ एवढंच म्हणाल्या आणि हात तसाच ठेवून बसून राहिल्या. विहारातून लाउडस्पीकरवर बुद्धवंदना ऐकू येत होती, पावसाळ्यातल्या वर्षावासाचे दिवस होते. ती संपली तरी त्यांनी हात काढला नव्हता.

त्यानंतर घरात सगळे जपून बोलू लागले. माझे यजमान, मिलिंद, द्राक्षबागांचे मांडव उभारायचं काम करतात. अँगल पुरायचे, तारा ओढायच्या, ढिल्या पडलेल्या ताणायच्या. बाग उघडी पडली की मांडवाची दुरुस्ती करता येते, म्हणून छाटणीचे दिवस त्यांच्या धावपळीचे. एकदा जेवताना ते सांगत होते, कुणाच्या बागेत डोळे फुटायला उशीर लागतोय, आणि मधेच थबकले. ताटाकडे बघत बसले.

‘मिल्या, बोल की,’ ताई म्हणाल्या. ‘द्राक्षाचे तरी फुटू देत.’

त्या हसल्या. आम्हाला कुणाला हसता आलं नाही. सासूबाई उठून भाकरी थापायला गेल्या, ताटांत भाकरी असताना.

तळेघरचं काम परत करायचं ताईंनी ठरवलं होतं. ‘हौसाबाईंना फोन लाव,’ त्या म्हणायच्या, ‘दुसरं कुणी बघा म्हणावं. उगीच त्यांचा हंगाम जायचा.’ मी आज लावते, उद्या लावते म्हणत टाळत होते. मीच वायरफ्रेम काढून त्यांना वाचून दाखवायचा प्रयत्न केला. वर डावीकडे चौकोन, त्याच्या खाली दुसरा चौकोन, उजवीकडे बटण. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकायच्या आणि दोन वाक्यांनंतर हात हलवायच्या. ‘नाही गं. उभंच राहत नाही डोळ्यापुढे.’ एकदा मी चिडून म्हटलं, तुम्ही नीट ऐकतच नाही. त्या उठून भिंतीला हात लावत आत गेल्या. त्या भिंतीच्या खरखरीत आवाजानं मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

मग ती दुपार आली. मिलिंद अंगणात तारेचे तुकडे सरळ करत होते. बागेतून काढलेली जुनी तार टाकून देत नाहीत. ताई उन्हाला म्हणून पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी एक तुकडा घरंगळत आला, तो त्यांनी उचलला आणि चाळा म्हणून वाकवू लागल्या. मी वाळवणावरच्या कोंबड्या हाकत होते. बघितलं तर त्यांनी तारेचा एक उभा चौकोन केला होता. तो पायरीवर ठेवून त्या कडेनं बोट फिरवत होत्या. मग अजून एक तुकडा चाचपून घेतला, त्याचा लहान आडवा चौकोन केला आणि मोठ्याच्या आत वरच्या बाजूला ठेवला.

‘हे काय करतीस गं ताई?’ मिलिंदनी विचारलं.

‘फोन आहे हा,’ त्या म्हणाल्या. ‘फोनवरचं पान. आणि हे वर त्यांचं नाव.’ बोट खाली सरकलं. ‘इथे फोटो.’ अजून खाली. ‘इथे...’ त्या थांबल्या. त्यांचा चेहरा मी इतके दिवस बघितला नव्हता असा झाला होता. ‘मिल्या, याच्याहून बारीक तार आहे का रे?’

‘आहे की. किती पायजे?’

ते उठले आणि बांधायच्या तारेचं भेंडोळं घेऊन आले. टोकं बोटात घुसू नयेत म्हणून कानस घेऊन एकेक टोक घासायला बसले. त्या दिवशी एका बागाइतदाराचा सारखा फोन येत होता. त्यांनी उचलला नाही.

द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा घेऊन आम्ही त्याच्यावर तारेचे चौकोन टाके घालून बसवले. मजकुराच्या जागी लोकरीच्या ओळी चिकटवल्या. फोटोच्या जागी पॉलिश पेपरचा तुकडा, खरखरीत, म्हणजे बोटाला लगेच कळावं. बटणाला काय लावायचं यावर आम्ही विचार करत होतो, तर सासूबाई म्हणाल्या, ‘बटणाला बटणच लावा की.’ त्यांनी शिवणाचा डबा आणला आणि आतून एक पितळी बटण काढलं. सासरे एसटीत कंडक्टर होते, त्यांच्या खाकी कोटाचं. ‘हे मोठं हाय,’ त्या म्हणाल्या. ‘ज्याच्यावर दाबायचंय त्याला हे घे.’ ताईंनी ते हातात घेतलं, अंगठ्यानं चोळलं आणि वडिलांचं आहे हे न सांगता ओळखलं. ‘तांदूळ मागवा’ हे त्या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं बटण. ते पितळेचं झालं.

पुढचे दिवस मी जे बघितलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ताई पुठ्ठ्यावर एक बोट ठेवून वरून खाली येत. कुठे थांबत, मागे जात, एखादी लोकरीची ओळ उपटून काढत. ‘इथे दम लागतो,’ म्हणत. ‘माणूस तांदळाला आलाय, त्याला एवढं ऐकवत बसू नये.’ मी जन्मभर पान बघत आले ते एका नजरेत, वरचं खालचं सगळं एकदम. त्या मात्र पानातून चालत जात होत्या. वळण कुठे आहे, चढ कुठे आहे, कुठे माणूस भलतीकडे भरकटेल, हे त्यांच्या बोटाच्या टोकाला आधी कळायचं आणि मग त्यांना. तारा, लोकर, बटण, आणि त्यावरून चालणारं ते बोट. बाहेर बागांतून कात्र्यांचा आवाज येत असायचा. मी चहा घेऊन जायचे आणि कप हातात धरून तशीच उभी राहायचे.

आज आमच्या ओसरीत असे बरेच पुठ्ठे भिंतीला टांगलेले आहेत. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना ती कलाकुसर वाटते. कुणी विचारतं, विकायला आहेत का. ताई म्हणतात, घ्या, पण आधी डोळे मिटून वाचून दाखवा.

पण तळेघरच्या पुठ्ठ्याची खरी कसोटी घरात होणार नव्हती. ज्यांच्यासाठी पान करायचं त्यांच्या हातात सांगाडा द्यायचा, हा ताईंचा जुना नियम. ‘आपण जाऊ,’ त्या म्हणाल्या. नजर गेल्यापासून त्या गावाबाहेर पडल्या नव्हत्या. सासूबाई म्हणाल्या, ‘वंदे, डोंगरातलं हाय ते.’ ताई म्हणाल्या, ‘डोंगर मला ठाऊक आहे.’

आम्ही पुठ्ठा जुन्या चादरीत गुंडाळला आणि एसटी बदलत बदलत निघालो, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. घोडेगावच्या पुढे रस्ता वर चढायला लागला तशी हवा बदलली. ताईंनी खिडकीची जागा मागून घेतली होती. मी काही सांगणार तेवढ्यात त्याच सांगू लागल्या. ‘आता धरणाचं पाणी दिसत असेल. लांबपर्यंत आत गेलेलं. पलीकडच्या काठाला लालसर माती उघडी पडलीय का?’ पडली होती. मी हो म्हणत गेले. कॉलेजात असताना त्या या रस्त्यानं भीमाशंकरला आल्या होत्या, तेव्हा बघितलेलं सगळं त्यांच्यात जसंच्या तसं होतं. मी याच तालुक्यातली, लहानपणापासून हा रस्ता बघितलेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते.

तळेघरला उतरून हौसाबाईंच्या वाडीपर्यंत चालावं लागलं. पायवाट भातखाचरांच्या बांधांवरून जात होती. भात पिवळं पडून वाकलं होतं. ताई माझा दंड धरून मागे चालत होत्या आणि दुसऱ्या हातानं लोंब्यांच्या टोकांना स्पर्श करत होत्या. हौसाबाई पुढे आल्या होत्या. काटक, नऊवारी वर खोचलेली, कमरेला विळा. त्यांनी ताईंकडे नीट बघितलं आणि सरळ विचारलं, ‘दिसत न्हाई का काय ताई?’

‘नाही,’ ताई म्हणाल्या.

‘अजाबात?’

‘उजेड आहे एवढं कळतं.’

‘मंग आमचं काम कोन करनार?’

‘मीच केलंय. आणलंय सोबत.’

हौसाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी चादर सोडवू का असं विचारलं, तर म्हणाल्या, चला आदी घरी, चा घ्या.

ओट्यावर गटाच्या बायका जमल्या. काहींना वाचता येत होतं, काहींना नाही. पुठ्ठा मधे ठेवला तेव्हा थोडी कुजबुज झाली. ‘हे कसलं वेबसाइट?’ एक तरुण बाई म्हणाली. ‘मोबाइलवर न्हाई का दावणार?’

‘मोबाइलवर येईल. आधी घराचा पाया बघून घ्या,’ ताई म्हणाल्या. ‘समजा, तुम्ही पुण्याच्या बाई आहात. तांदूळ पाहिजे. वरून बोट लावा आणि सरकत खाली या. मी तुमच्या हातावर हात ठेवते, चालेल ना?’

त्या बाईनं बोट ठेवलं. ताईंनी आपला तळवा तिच्या हातावर अलगद ठेवला, दाब न देता. बोट नावावरून खाली आलं, फोटोच्या खरखरीत जागेवर आलं, आणि ताई म्हणाल्या, ‘थांबलात. का थांबलात?’

‘न्हाई, म्हंजे,’ ती म्हणाली, ‘मला वाटलं हितंच संपलं.’

दुसरी बाई बसली. तिचं बोटही तिथेच थबकलं. तिसरीचंही. आम्हा बघणाऱ्यांना काहीच दिसत नव्हतं, बोटं आपली चालल्यासारखीच वाटत होती. ताईंच्या तळव्याला ती थबक कळत होती. फोटो मोठा होता, त्याच्या खाली मोकळी जागा होती, आणि बटण त्या मोकळ्या जागेच्या पलीकडे राहिलं होतं. कागदावर ती जागा मला सुंदर वाटली असती. बोटाला ती ओसाड होती.

ताईंनी कात्री मागितली. टाके कापले, पॉलिश पेपरचा तुकडा अर्धा केला, पितळी बटण उचलून त्याच्या लगत आणून ठेवलं. तिथल्या तिथे, बोलता बोलता. मी सुई ओवून दिली. आत चुलीवर भात शिजत होता, त्याचा वास बाहेर येत होता, आणि सगळ्या बायका त्या बोटांकडे बघत होत्या. हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या पुढे येऊन बसल्या. त्यांनी डोळे मिटले आणि बोट ठेवलं. नाव, फोटो, बटण. कुठेही न थांबता त्या खाली आल्या आणि पितळी बटणावर बोट दाबून डोळे उघडले.

‘आमी कुठं हाये ह्याच्यात?’ त्यांनी विचारलं.

‘तुमचं नाव वर आहे की,’ मी म्हटलं.

‘गटाचं हाय. बायांचं?’

ताईंनी बटणाखालची जागा बोटानं चाचपली. ‘बटणाच्या खाली घेऊ,’ त्या म्हणाल्या. ‘तांदूळ कुणी पिकवला ते. ज्याला नुसता तांदूळ पाहिजे तो वरूनच जाईल. ज्याला तुम्ही पाहिजे तो खाली येईल. चालेल?’

‘चालंल,’ हौसाबाई म्हणाल्या. आणि मग आवाज खाली आणून, माझ्याकडे वळून नव्हे, ताईंनाच म्हणाल्या, ‘लई भारी हात हाय बाई तुमचा.’ परत जाताना बांधावरून त्यांनीच ताईंचा हात धरला. मी मागून पुठ्ठा घेऊन चालत होते. पुढे त्या दोघी, दोन्ही बाजूंना वाकलेलं भात.

साइट बांधायचं काम माझं. पट्टी घेऊन मी तारांची मापं घेतली आणि ती कोडमध्ये उतरवत गेले. हौसाबाईंच्या पुतण्यानं फोटो पाठवले. ताईंनी एकच गोष्ट हट्टानं सांगितली. प्रत्येक फोटोमागे एक वाक्य लिहायचं, फोटोत काय आहे ते. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन पान वाचून दाखवतो, आणि फोटो आला की त्याला नुसतं ‘चित्र’ एवढंच म्हणता येतं. मी फोटो बघून सांगायचे, त्या वाक्य जुळवायच्या. काढणीला आलेलं भात, मागे डोंगर. हौसाबाई सुपात तांदूळ पाखडताना. खळ्यावर भाताचे भारे.

भात खळ्यावर आलं त्या सुमारास साइट सुरू झाली. ताईंनी फोन कानाशी धरला आणि बोटानं एकेक गोष्ट ऐकत खाली आल्या. फोनमधली बाई सपाट आवाजात वाचत होती. गटाचं नाव. चित्र, काढणीला आलेलं भात, मागे डोंगर. बटण, तांदूळ मागवा. पुठ्ठ्यावर बोटानं केलेली वाट आता आवाजाची झाली होती, पण पावलं तीच होती. ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा वर गेल्या, पुन्हा ऐकलं. ‘पोचलं,’ म्हणाल्या.

व्यापाऱ्याची गाडी त्या वर्षीही वाडीत आली, हौसाबाईंनी सांगितलं. काही बायकांनी भात घातलं, काहींनी राखून ठेवलं. राखलेलं सगळं पिशव्यांमधून पुण्याला गेलं. पुढच्या वर्षी राखणाऱ्या वाढल्या. एवढंच. पण त्या पहिल्या हंगामातली एक दुपार मला सगळ्यांत जास्त आठवते.

मार्गशीर्षातली दुपार होती. बागांमध्ये फुटवे हातभर झाले होते, तारा पुन्हा पानांनी झाकायला लागल्या होत्या. हौसाबाईंचा फोन आला. ‘पुन्याचं येक पावणं हायेत,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांनी तांदूळ मागवला. मला इचारत व्हते, हे पान कुनी केलं. म्हनले, मला जन्मापासनं दिसत न्हाई, पन पैल्यांदा कुनाची मदत न घेता मी काईतरी मागवलं. तुमचा नंबर देऊ का?’

थोड्या वेळानं त्या पाहुण्यांचाच फोन आला. ताई शेंगा सोलत होत्या, म्हणून मी फोन स्पीकरवर लावून त्यांच्यापुढे ठेवला. आवाज वयस्कर होता, मऊ, थोडा संकोची. त्यांनी नाव सांगितलं, आभार मानले. आपली बायको वारल्यापासून वाणसामान शेजारचे आणून देतात, ते म्हणाले, कुठला तांदूळ पाहिजे हे विचारायचीसुद्धा चोरी वाटते. मग म्हणाले, ‘पानावर कुठेच अडखळायला झालं नाही. असं कधी होत नाही. तुम्ही डोळसांनी एवढा विचार केलात.’

‘मलाही दिसत नाही,’ ताई म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, ‘तुम्हीसुद्धा जन्मापासून?’

‘नाही. माझी नजर यंदा गेली. त्याच्या आधी दिसत होतं.’

मग ते जपून, एखादी मोठी गोष्ट मागावी तसं म्हणाले, ‘मग एक विचारू का? त्या फोटोत म्हटलंय, मागे डोंगर. मी आयुष्यभर हा शब्द ऐकतोय. शाळेत होता, गाण्यांत आहे. लोक सांगतात, उंच असतो. पण उंच म्हणजे काय ते मला जिन्यापलीकडे कळत नाही. तो दिसतो कसा?’

ताईंनी शेंगांची सुपली बाजूला सरकवली. हात पुसले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता, डोळे उघडे, आणि त्या तळेघरच्या वाटेवर होत्या हे मला कळत होतं.

‘लहानपणी आई झोपलेली असताना पांघरुणावरून तिच्या अंगावर हात फिरवलाय कधी?’ त्यांनी विचारलं. ‘पायांपासून वर?’

‘हो,’ ते म्हणाले.

‘आधी पाय, मग गुडघ्याचा चढ, मग उतार, मग कंबर, खांदा. आत ती आहे, श्वास घेतीय, पण वरून नुसती चादर लागते.’

‘हो.’

‘तसाच. पण तो हात फिरवून संपत नाही. सकाळपासून फिरवत गेलात, तरी संध्याकाळी तुम्ही गुडघ्यापर्यंतच आलेले असता. आणि दिसणारा माणूस एवढं सगळं लांबून एकदम बघतो, म्हणून तो डोंगरापुढे उभा राहिला की गप्प होतो. भाताचं शेत त्याच्या पायाशी असतं. झोपलेल्या आईच्या पायाशी लहान मूल निजावं तसं.’

पलीकडून त्यांच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात पिठाचे तसेच.

मग त्या मऊ आवाजानं विचारलं, ‘आणि त्याच्या मागे काय असतं?’